शेडच्या काचेला भोक: भट्टीआधी, भट्टीत की भट्टीनंतर?

आधी होल्डर विकत आणा, मग काचेला हात लावा. भट्टीत काच वितळवून दिव्याची शेड करायला शिकणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच सांगते. बहुतेक जण मान डोलावतात आणि विसरतात. रंग जुळतात, नक्षी होते, भट्टी दिवसरात्र चालते, सुंदर चकती बाहेर येते आणि मग फोन येतो, "ताई, आता वायर कुठून घालू?" तोवर उशीर झालेला असतो. मग भोक जमेल तिथे आणि जमेल तेवढं पाडलं जातं, आणि शेड फुटते ती तिथूनच.

माझी भट्टी तीन किलोवॉटची, साताऱ्यात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. (शेडमध्ये शेड, हा विनोद घरात करून झालेला आहे.) खाली लिहिलंय ते याच भट्टीवर केलेलं आणि बिघडवलेलं आहे. तुमच्या भट्टीचं थर्मामीटर वेगळं बोलेल, त्यामुळे तापमानाचे आकडे सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्या.

भोक किती मोठं?

आपल्याकडे घराघरांत असतो तो खटक्याचा, दोन पिनांचा होल्डर, म्हणजे बी-२२. त्याची रिंग फिरवून काढली की शेड अडकवायची जागा दिसते. तिथे साधारण २९ मिमीचं भोक लागतं. आट्यांच्या, म्हणजे ई-२७ होल्डरला साधारण ४२ मिमी. 'साधारण' म्हणते, कारण बाजारातले होल्डर एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. व्हर्नियर लावून मोजा आणि वर एक-दीड मिमी सोडा. ही सवलत चैनीची नाही. दिवा तापला की पितळ काचेच्या दुप्पट फुगतं, ॲल्युमिनियम त्याहून जास्त. घट्ट बसवलेला धातू काचेला आतून रेटत राहतो.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते: १० मिमीचा पोकळ आट्यांचा पाइप, वरखाली नट आणि वायसर, वायर पाइपातून. याला १२ मिमीचं भोक पुरतं. भोक जितकं लहान तितकी काच मागे जास्त उरते आणि ड्रिलचं कामही सोपं. शिवाय वजनाचा प्रश्न सुटतो. हिशोब करून बघा: ३० सेंमी व्यासाची, ८ मिमी जाडीची चकती साधारण १ किलो ४०० ग्रॅम भरते. एवढं ओझं प्लॅस्टिकच्या होल्डर-रिंगेवर टांगायचं असेल तर खाली स्वतः बसून दाखवा. मोठ्या भोकाची पद्धत लहान, हलक्या शेडसाठी ठेवा.

काच कुठली घ्यायची

शिकायला खिडक्यांची साधी ४ मिमी काच, म्हणजे फ्लोट ग्लास, उत्तम. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्यांकडे कटपीस पडलेले असतात. दोन अटी. एक, शेडचे सगळे थर एकाच शीटमधून काढा. निरनिराळ्या कंपन्यांच्या काचा तापताना-निवताना सारख्या फुगत-आकसत नाहीत. दोघी एकत्र वितळतात, गोडीगुलाबीने चिकटतात आणि निवल्यावर, कधी महिन्याभराने, तडकतात. बाहेरून मागवलेली रंगीत फ्यूजिंग काच, सीओई (तापल्यावर काच किती फुगते त्याचा आकडा) ९० किंवा ९६ ची, फ्लोटमध्ये मिसळू नका, ती कितीही देखणी असली तरी.

दोन, टफन्ड काच अजिबात नको. तिच्यात ताण मुद्दाम कोंडलेला असतो. ड्रिल टेकवलं की सगळी काच साबुदाण्यासारखी विखुरते. एकदा एका दुकानदाराने "साधीच आहे हो" म्हणून दिलेला टीपॉयचा तुकडा माझ्या हातात असा फुटला. चष्मा होता म्हणून हे लिहायला डोळे आहेत. कोपऱ्यात शिक्का आहे का बघा, आणि शंका असेल तर खाली सांगितलेली गॉगलची युक्ती वापरा.

फ्लोट काच कारखान्यात वितळलेल्या कथलावर तरंगत बनते, म्हणून तिच्या एका बाजूला कथलाचा अंश राहतो. वाकवताना ती बाजू कधीकधी दुधाळ होते. ओळखायला शॉर्ट-वेव्ह अतिनील दिवा लागतो, २५४ नॅनोमीटरचा. त्याखाली ती बाजू धुरकट चमकते. नोटा तपासायचा दिवा इथे चालत नाही. मी कथलाची बाजू सगळ्या थरांत खाली ठेवते आणि पेनने खूण करते.

आपल्या जिल्ह्याला काच नवी नाही. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली उभ्या राहिलेल्या ओगले ग्लास वर्क्सचा 'प्रभाकर' कंदील आजी-आजोबांच्या पिढीने ओसरीवर टांगलेला आहे. कंदिलाची काच फुंकून केलेली असते, आपली वितळवून बसवलेली, तंत्र वेगळं. पण जुना कंदील माळ्यावर असेल तर काढून बघा. काच खालूनही उघडी, वरूनही उघडी, आणि तारेच्या पिंजऱ्यात सैल उभी. धातूने तिला कुठेही आवळलेलं नाही. शेडच्या भोकाबद्दल मला जे सांगायचंय त्यातलं निम्मं त्या पिंजऱ्यात आहे.

तीन वाटा

भट्टीआधी: काच कापतानाच मधे जागा सोडायची. हिरकणीने काचेच्या मधोमध गोल कापून काढणं नवख्याचं काम नाही, त्या फंदात पडू नका. त्याऐवजी चार आयताकृती तुकडे चक्राकार मांडा, प्रत्येकाचं टोक पुढच्याच्या कुशीला, की मधे आपोआप चौकोनी पोकळी उरते. वरचा थर उलट दिशेने मांडा म्हणजे सांधे एकावर एक येत नाहीत.

पण वितळलेल्या काचेची एक खोड आहे. तिला स्वतःहून साधारण ६ मिमी जाड राहायचं असतं. जास्त जाड असेल तर ती पसरते, बाहेरही आणि पोकळीतही, म्हणून ४ मिमीच्या दोन थरांत सोडलेलं भोक आकसतं, लहान असेल तर बुजतंच. उलट एकच थर असेल तर काच कडांकडून गोळा होते आणि भोक मोठं होतं. चौकोनाचे कोपरेही गोलावतात. म्हणजे सोडलेली जागा जशीच्या तशी मिळेल हा भरवसा नाही. तिथे काहीतरी भरून ठेवावं लागतं.

भट्टीत: भरायचं ते काहीतरी म्हणजे सिरॅमिक फायबर पेपर. ३ मिमी जाडीचा घ्या, हव्या त्या मापाच्या गोल चकत्या कात्रीने कापा, आणि काचेच्या उंचीपेक्षा किंचित वर येतील इतक्या एकावर एक रचा. ८ मिमी काचेला तीन चकत्या बरोबर बसतात. काचेचे तुकडे या बुचाला टेकवून मांडा. पहिल्या तापण्यात पेपरातला चिकट पदार्थ जळतो, वास आणि थोडा धूर येतो. ४०० अंशांपर्यंत भट्टीचा झरोका उघडा ठेवा आणि खिडक्याही. भट्टी निवल्यावर पेपर कापसासारखा भुसभुशीत झालेला असतो. तो कोरडा ओरबाडू नका. पाणी शिंपडून, एन-९५ मास्क लावून काढा. त्याचे तंतू फुप्फुसाला चांगले नाहीत.

"एवढा महाग पेपर कशाला, विटेचा तुकडा घासून गोल करते," असं मीही म्हटलं होतं. विटेभोवती काच छान वितळली आणि सकाळी भोकापासून कडेपर्यंत सरळ चीर. कारण साधं आहे. ३० मिमीचं भोक ५५० अंशांवरून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत साधारण ०.१४ मिमी आवळतं, म्हणजे जेमतेम दीड कागदाची जाडी. वीट तेवढी आकसत नाही. काच तिला मिठी मारते, मिठी सुटत नाही, काच फाटते. फायबर पेपर दबतो म्हणून चालतो. याच कारणाने काच उलट्या सिरॅमिक वाडग्यावरून खाली ओघळू द्यायची नसते, ती तिथे अडकून तडकते. उलटं स्टीलचं भांडं चालतं, कारण स्टेनलेस स्टील काचेहून जास्त आकसतं आणि आतून स्वतः सुटतं. भांड्याला आधी किल्न वॉशचा, म्हणजे काच चिकटू नये म्हणून लावायचा पांढरा लेप हवाच. खोलगट साच्याच्या आत काच बसवायची असेल तर मात्र सिरॅमिक योग्य.

फायबर पेपरच्या भोकाची आतली कड खडबडीत, पांढरट येते. होल्डरच्या रिंगेखाली ती झाकली जाते. दिसणार असेल तर घासावी लागते.

भट्टीनंतर: ड्रिल. माझं मत विचाराल तर नवख्याने हीच वाट धरावी, आणि क्रम असा ठेवावा: सपाट चकती भट्टीत एकजीव करून घ्यायची, सपाट असतानाच भोक पाडायचं, मग साच्यावर ठेवून वाकवायची. सपाट चकतीला खालून पूर्ण आधार देता येतो. ड्रिलने खरवडलेली कडही वाकवतानाच्या उष्णतेत थोडी मऊ होते. भोक अगदी मध्यावर असेल तर वाकल्यावरही गोल राहतं, फक्त किंचित मोठं होतं. माझ्या एका उथळ साच्यात २९ चं ३० झालं. उतारावर असेल तर मात्र लंबगोल होतं. तिथे गोलच हवं असेल तर वाकवून झाल्यावर ड्रिल करा, पण वाकलेल्या काचेखाली वाळूची पिशवी घालून आधार द्यायला विसरू नका.

ड्रिलचं काम, सावकाश

सपाट चकती करायला दोन ४ मिमी थर ८२० अंशांच्या आसपास दहा-पंधरा मिनिटं ठेवते आणि पुढे सांगितलंय तशी निववते. नीट न निवलेल्या काचेला ड्रिल लावणं म्हणजे ताणलेल्या पतंगाच्या दोऱ्यावर ब्लेड टेकवणं.

डायमंड कोअर बिट घ्या, आत पोकळ आणि कडेला हिऱ्याची पूड असलेलं. भाल्याच्या टोकाचं काचेचं बिट मिळतं, ते पातळ काचेला आणि लहान भोकाला ठीक. ८ मिमीला नको. ड्रिल मशीनचा हॅमर बंद आहे ना, दोनदा बघा. बॅटरीचं मशीन असेल तर सर्वात बरं, कारण सगळं काम पाण्यात आहे. वायरचं मशीन वापरणार असाल तर बोर्डाला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, हवा आणि मोटर पाण्यापासून दूर. शक्य असेल तर मशीन स्टँडला बसवा.

प्लॅस्टिकचं घमेलं किंवा रुंद ट्रे घ्या. तळाला जुनी फरशी किंवा प्लायचा तुकडा, त्यावर टाकाऊ काचेचा एक तुकडा, त्यावर आपली चकती. पाणी काचेच्या वर पाच मिमी येईल इतकं. टाकाऊ काच कशासाठी ते शेवटच्या क्षणाला कळतं: बिट पार होताना खालच्या कडेचे टवके उडतात, आणि खालून काचेचा आधार असेल तर ते खूप कमी होतात.

कोअर बिटला मधे टोक नसतं, त्यामुळे ते सुरू होताना काचेवर नाचतं आणि तुमच्या नक्षीवर चंद्रकोरी उमटवतं. उपाय म्हणजे प्लायच्या तुकड्याला त्याच बिटने भोक पाडून तो तुकडा काचेवर दुहेरी टेपने चिकटवणं. बिट त्या भोकात बसतं, हलत नाही. टेप पाण्याआधी, कोरड्या काचेवर लावा. एकदा दीड-दोन मिमीचं रिंगण खोदलं गेलं की प्लाय काढून टाका, नाहीतर पाणी आत पोहोचत नाही.

वेग: १२ मिमीच्या बिटला मिनिटाला हजार-दीड हजार फेरे, ३० मिमीच्याला सहा-सातशे. मोठं बिट वेगात फिरवलं की कड तापते आणि हिऱ्याची पूड झडते. दाब मशीनच्या वजनाइतकाच, हाताचा नाही. दर चार-पाच सेकंदांनी बिट किंचित उचला म्हणजे पाणी आत जाईल. पाणी दुधासारखं पांढरं होत जाईल, ते बरोबर आहे. पांढरं होत नसेल आणि कर्कश आवाज येत असेल तर बिट बोथट झालंय किंवा पाणी पोहोचत नाहीये; तसंच रेटू नका. ८ मिमी काचेत १२ मिमीचं भोक चार-पाच मिनिटं घेतं, ३० मिमीचं त्याच्या दुप्पट-तिप्पट. घाई असेल त्या दिवशी हे काम काढू नका. पाहुणे येणार आहेत, तोवर एक भोक उरकून घेते, या विचाराने माझ्या दोन चकत्या गेल्या.

शेवटच्या मिलिमीटरला आवाज बदलतो, थोडा पोकळ होतो. तिथे मशीन उलट हाताने पेलून धरा, जणू ते खाली जाऊच नये. मधली चकती सुटून बिटमध्ये अडकते. ती टाकू नका, आमच्या शेजारच्या मुलीने त्यांची कानातली केली आहेत.

लगेच भोकाच्या दोन्ही कडा पाण्यात बुडवून घासा: आधी १२० चा वॉटर पेपर, मग २२०, मग ४००, धार मोडून थोडी तिरकी होईपर्यंत. हे वगळायचा मोह होतो, कारण डोळ्यांना कड ठीकच दिसते. पण ड्रिलने सोडलेल्या केसाएवढ्या चिरा तिथेच असतात, आणि भट्टीत किंवा नट आवळताना त्याच लांबतात. मग ब्रशने, साबणाने चकती धुवा. काचेची पूड वाळून राहिली तर पुढच्या भट्टीत तिथे पांढरा खरखरीत डाग कायमचा बसतो. घमेल्यातलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. रात्रभर ठेवा, वरचं नितळ पाणी बागेत, खालचा चिखल कागदात बांधून कचऱ्यात.

एकाहून जास्त भोकं असतील तर दोन भोकांमध्ये निदान एका भोकाच्या रुंदीइतकी काच उरू द्या, आणि चकतीच्या कडेपासून काचेच्या जाडीच्या दुप्पट तरी आत राहा.

पुन्हा भट्टीत

चकती पूर्ण कोरडी करा. चढण हळू: तासाला शंभर-सव्वाशे अंश, ५४० पर्यंत. भोकाची कड आणि मधली काच सारखी तापत नाही, म्हणून पहिल्या भट्टीपेक्षा इथे धीर धरायचा. फ्लोट ६८० ते ७०० अंशांना वाकायला लागते. सुरक्षेचा गडद चष्मा लावून झरोक्यातून बघत राहा, साच्याला टेकली की पुढे जा. मग ५५० ला एक तास थांबवून, तिथून ४३० पर्यंत तासाला ५० अंशांनी, पुढे तासाला शंभरने. आणि त्यानंतर झाकण बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला कोमट लागेल तेव्हा उघडा. "जरा फटीतून बघते" हे जितक्या वेळा ऐकते तितक्या चकत्या फुटलेल्या बघते.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते. नेमकी निववताना गेली तर झाकणाला हात लावू नका. विटांची भट्टी स्वतःहूनही बऱ्यापैकी हळू निवते. नंतर तपासा, आणि ताण दिसला तर चकती पुन्हा हळूहळू ५५० ला नेऊन सगळी निववणी पहिल्यापासून करा. काच माफ करते, फक्त तिला वेळ द्यावा लागतो.

तपासायची युक्ती फुकट आहे. लॅपटॉपवर पूर्ण पांढरा पडदा उघडा, पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून तो फिरवत फिरवत पडदा काळा होईल अशा कोनात थांबवा. आता मधे काच धरा. चांगली निवलेली काच काळीच राहते. भोकाभोवती उजळ पाकळ्या किंवा पट्टे दिसले तर तिथे ताण अडकलाय. टफन्ड काच याच पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनी उजळते, म्हणून दुकानातून आणलेला तुकडाही आधी इथेच दाखवा.

बसवताना

काच आणि धातू यांच्यात दोन्ही बाजूंनी रबरी वायसर. नट बोटांनी फिरवायचा, पाना वापरायचाच नाही. नट सैल होण्याची भीती वाटत असेल तर दुसरा नट वरून लावा. पाइपाच्या तोंडाशी वायर घासते तिथे रबरी बुश घाला. वजन वायरवर नको, बारीक साखळी किंवा स्टीलची तार पाइपाला जोडून ती छताच्या हुकाला. धातूचा पाइप आहे, म्हणून अर्थिंगची तार ओढायला वायरमनला सांगा. "शोभेचाच तर दिवा आहे" म्हणून तो टाळू पाहतो.

दिवा एलईडीच, सात ते नऊ वॉट. जुना पिवळा बल्ब काचेला एका जागी भाजतो. एलईडी कमी तापतो, पण खाली उघडी, वर बंद अशी शेड असेल तर गरम हवा माथ्याशी साचते आणि दिवा लवकर जातो. म्हणून मधल्या भोकापासून अडीच-तीन सेंमीवर ८ मिमीची दोन-तीन हवेची भोकं सपाट असतानाच पाडून घेते. कंदिलाला वर तोंड होतं ते याचसाठी.

आणि घरात टांगण्याआधी दोन दिवस ती पत्र्याच्या शेडमध्येच लटकते, खाली जुनी गादी. संध्याकाळी दिवा चार तास चालू, मग रात्रभर बंद, दुसऱ्या दिवशी पुन्हा. आत्तापर्यंत गादीवर तीन शेड पडल्या आहेत. त्यातल्या दोन पान्याने आवळलेल्या.